बुजवलेली कमान

दोन हजार बावीस साल. ऑक्टोबर संपत आला होता. वादळांचे दिवस सरले होते, भात पिवळं पडलं होतं आणि वारा उत्तरेकडून यायला लागला होता. त्या दिवसांत सिमोची मुलगी क्रिसेल रोज दुपारी बापाचा डबा घेऊन जुन्या शाळेच्या चॅपेलात जायची.

एवढंच काम. भात, वांगं-कारल्याची भाजी, सुकी मासळी. चॅपेल घरातून दिसायचं. सात वर्षांच्या पोरीला झेपणार नाही असं त्यात काही नव्हतं.

जोमार, फोन खाली ठेव. उद्या रात्री तुम्ही पोरं तिथे फोनवर फोटो काढायला जाणार असं कानावर आलंय. जा. मी अडवत नाही. पण आधी ऐका. सिमो माझा शेजारी. तो गवंडी, मी सुतार. त्या इमारतीत आम्ही दोघांनी बरोबर काम केलं. यातलं जे मी पाहिलं नाही ते त्याने किंवा त्याच्या बायकोने मला सांगितलं. याच पायरीवर बसून.

"आपो, भूत केव्हा येतं?" आयराने विचारलं.

"तू गप्प बसलीस की."

"म्हणजे कधीच नाही," जोमार म्हणाला.

हसून घ्या.

शाळा सिस्टरांची होती, मुलींची. लांबच्या मुली तिथेच राहायच्या. हायवेला नवी शाळा झाली तेव्हा वर्ग पाडले. विटा लोकांनी नेल्या. माझी चूल त्याच विटांची आहे. चॅपेल तेवढं राहिलं. मग राजधानीतून माणसं आली आणि दाराशी लोखंडी पाटी ठोकून गेली. संरक्षित वास्तू. परवानगीशिवाय खिळासुद्धा मारायचा नाही. पाटीवर इतिहास आहे. आधीचं चॅपेल भूकंपात पडलं, म्हणून हे बांधताना भिंती हातभर जास्त जाड केल्या आणि बाहेरून टेकूभिंती दिल्या, रेड्याच्या खांद्यासारख्या. घंटेचा बुरुज बुटका केला आणि बाजूला उभा केला, म्हणजे पडला तर मुलींच्या डोक्यावर पडू नये. चुन्यात उसाची काकवी घातली. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या बसवल्या. आत छताच्या फळ्यांवर निळं आभाळ रंगवलं, त्यात तारे. हे सगळं पाटीवर आहे.

कमानीचं नाही.

वेदीच्या डाव्या हाताला एक कमान होती. तिच्यामागे खोली. पूर्वी तिथे पाद्रीबाबाचे झगे ठेवायचे. ती कमान विटांनी बुजवलेली होती. विटा वेगळ्या, चुना घाईचा. मी चौथीपर्यंत शिकलो, पण घाईचं काम मला लांबून ओळखता येतं.

जुलैतल्या मोठ्या भूकंपात त्या बुजवलेल्या भिंतीच्या विटा एका जागी निखळल्या. भोक पडलं. माणसाचं डोकं जाईल एवढं. राजधानीतून निरोप आला, पत्र येईपर्यंत काही करू नका, फक्त टेकू लावा. टेकू मी लावले. अजून उभे आहेत. सिमोला देखरेखीवर ठेवलं. त्याच्या हाताखाली गडी होते, पडलेल्या विटा वेचायला.

संध्याकाळी काम सुटलं की सिमो दारात उभा राहून ओरडायचा, "चला, सगळे चला. कुणी मागे राहू नका."

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. नदीवरून, रानातून, मसणातून निघताना आपल्या माणसाला नावाने हाक मारायची. नाहीतर शरीर घरी येतं आणि जीव तिथेच रेंगाळतो. पोर असलं तर त्याचं नाव घ्यायचं. पण गड्यांची एवढी नावं कोण घेत बसणार? म्हणून कामावर सगळे गवंडी म्हणतात, सगळे चला. सिमो वीस वर्षं म्हणत होता. तोंडाला सवय.

मंगळवारी रात्री पुन्हा जमीन हलली होती. गुरुवारी दुपारी क्रिसेल डबा घेऊन गेली. बाप हात धूत होता. पोरगी दगडावर चढून त्या भोकातून आत बघत होती. तेवढ्यात धक्का आला. फार मोठा नव्हता. छतातून धूळ पडली. सिमोने पोरीला उचललं आणि पळत बाहेर आला, तडक घरी.

तिचं नाव घ्यायचं राहिलं.

संध्याकाळपासून पोरगी बोलेना. ताप नाही, जखम नाही. डोळे उघडे. भात तोंडात घातला तर तसाच राहायचा. लावाग शहराच्या इस्पितळात नेली. रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं बरोबर. डॉक्टर म्हणाला, घाबरली आहे, घरी न्या.

मग सिमो आपो बासिंगकडे गेला. तुम्ही मला आपो म्हणता, तसं त्या म्हातारीला सगळं गाव आपो म्हणायचं; मागे राहिलेले जीव ती परत आणायची. तुम्ही तिला पाहिलं नसेल. नव्वदीला टेकलेली, दात एक नाही, जीभ मात्र शाबूत.

"झालं का मशिनींतून फिरवून?" ती म्हणाली. "आता म्हातारी आठवली."

"आपो, मुलगी मरेल माझी."

"मरेल. जीव तिथेच राहिलाय तिचा. तिचा फ्रॉक घेऊन जा. काळोख पडल्यावर जा. दिवसा असे जीव येत नाहीत. हाक मार. फक्त तिचं नाव घे आणि घरी चल म्हण. दुसरा शब्द नको. पावलं ऐकू आली की चालायला लाग. थांबू नको, वळून बघू नको. घरात पाऊल टाकेपर्यंत."

"एवढंच?"

"एवढंच म्हणे. गाढवा, ती तिथे एकटी आहे का?"

मग तिने ते सांगितलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. कॉलऱ्याच्या साली, बासिंगच्या आजीच्या लहानपणी, शाळेत राहणाऱ्या मुली आजारी पडल्या. रस्त्यावर पहारे बसले. कुणाचे आईबाप येऊ शकले नाहीत, कुणाचे राहिलेच नव्हते. आजारी मुलींना त्या खोलीत ठेवलं. पुढे हुकूम आला, खोली बंद करा. बासिंगची आजी त्याच शाळेत होती; विटा रचत होते त्याच दिवशी गावातूनच बैलगाडी तिला न्यायला आली म्हणून ती वाचली. ती जन्मभर सांगायची की विटा रचत होते तेव्हा आतून गाणं ऐकू येत होतं.

"विटा कुणी रचल्या ठाऊक आहे ना?" बासिंगने विचारलं.

सिमो स्वतःच्या हातांकडे पाहू लागला.

"तुझ्या पणजोबाने. चांगला कारागीर होता. काम संपवलं, दारात उभा राहिला, स्वतःचं नाव घेतलं आणि घरी गेला. आतल्या एकीचंही नाव घेतलं नाही. म्हणून सांगते, तोंड आवर. क्रिसेल. बस."

एक नोव्हेंबर, मेलेल्यांची आठवण करायचा दिवस. मंगळवार. सगळं गाव कबरस्तानात. मेणबत्त्या, भात, पत्ते, पोरांचा गोंगाट. मीही तिथेच होतो. गावात माणूस नव्हतं. दिवेसुद्धा नव्हते.

सिमो पिवळा फ्रॉक घेऊन निघाला. नऊ वाजले असतील. चांदणं होतं. चॅपेलाचं दार उघडून आत गेला. खिडक्यांच्या शिंपल्यांतून चांदणं दुधासारखं येत होतं. वरचे तारे दिसत नव्हते. कमान दिसत होती. तिच्यातलं भोक काळं.

त्याने फ्रॉक पुढे धरला.

"क्रिसेल. घरी चल."

काही नाही.

"क्रिसेल. घरी चल."

टेकू करकरला. माझं लाकूड करकरत नाही. तो म्हणाला, करकरला.

"क्रिसेल..."

भोकातून धूळ सांडली. मग फरशीवर पावलं. अनवाणी. लहान. त्याच्या पाठीशी येऊन थांबली.

थोरल्या माणसाला म्हणतात तसं तो मला मनोंग म्हणायचा. म्हणाला, मनोंग, लग्नाच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला तेव्हा झाला. ती चाल मी ओळखली. डावा पाय जरा घासते ती.

तो चालू लागला. मागे पावलं. बाकांमधून. पाण्याच्या दगडी पात्राजवळून. दारापर्यंत. उंबऱ्यावर पाय ठेवला. छाती मोकळी झाली होती. काम संपलं होतं. रोज संध्याकाळी जिथे उभा राहायचा, तिथेच उभा होता.

आणि तोंडातून गेलं.

"चला, सगळे चला. कुणी मागे राहू नका."

...

आयरा, जवळ सरक. विस्तवात लाकूड घाल.

तो म्हणाला, आधी काहीच झालं नाही. मग विटा पडल्या. एक. मग एक. मग किती तरी. मग पावलं.

वळता येत नव्हतं. थांबता येत नव्हतं. थांबला असता तर क्रिसेलही थांबली असती. तो चालत राहिला. तंबाखूच्या कोठाराजवळून. विहिरीजवळून. मागे पावलं. घासणारा डावा पाय त्यात होता. बाकीच्या... बाकीच्या रांगेत होत्या. दोघी दोघी. शाळेत चालवतात तशा.

कुत्री भुंकली नाहीत.

सिमोची बायको मर्लिंडा जिन्याच्या तोंडाशी दिवा घेऊन बसली होती. आपल्या बाया विचारतात तसं तिने विचारलं, "आली का?"

सिमो म्हणाला, "आली."

आणखी काय सांगणार?

आत क्रिसेलने मान वळवली. "आई, भूक लागली," म्हणाली.

सकाळी मर्लिंडा माझ्याकडे आली, रडत, हसत. "मनोंग, दोन ताटं जेवली! टोप पुसून खाल्ला मेलीने!" मी म्हटलं, बरं झालं.

बरं नव्हतं झालं.

पोरगी खात होती आणि वाळत होती. तीन ताटं खायची, हाडं वर येत होती. अंग थंड. मर्लिंडाने एक रात्र तिच्याजवळ निजायचं ठरवलं. मध्यरात्री माझ्या दारात येऊन उभी राहिली, उशी हातात.

"चटईवर जागा नाही, मनोंग."

"म्हणजे?"

"पोरगी एकटीच झोपलीय. पण जागा नाही."

फादर आले, पाणी शिंपडून गेले. जिन्याखाली भाताची ताटं ठेवली, मेलेल्यांना ठेवतात तशी. सकाळी भात तसाच असायचा. फक्त दगडासारखा गार. सिमो पुन्हा बासिंगकडे गेला. त्या दिवशी तिने शिवी दिली नाही. तिथेच तो समजला.

"नावं ठाऊक असती तर एकेकीला तिच्या घरी पाठवता आलं असतं," ती म्हणाली. "नावं सांगणारं आता कोण राहिलंय? घरं तरी कुठे राहिलीत? तू बोलावलंस, त्या आल्या. उबेला आल्यात. पोरीची ऊब पुरेल तोवर पुरेल."

"परत नेल्या तर?"

"एकदा कोंडलं त्यांना. आपणहून आत जातील का? तू गेला असतास?"

डिसेंबरात राजधानीतून पत्र आलं आणि पत्राबरोबर एक आर्किटेक्ट बाई. तरुण, पायात जाड बूट, बोलायला गोड. तिने कमान पाहिली. आता भोक नव्हतं, पूर्ण वाट झाली होती. आतल्या खोलीत काही नव्हतं. धूळ, कोपऱ्यात कुजलेलं कापड.

"मनोंग, एवढ्या विटा कशा पडल्या?" तिने सिमोला विचारलं.

"धक्क्याने."

"असो. जुन्याच विटा वापरा. तसाच चुना, काकवी घालून. जशी होती तशी बुजवायची."

"मॅडम, उघडी राहिली तर नाही का चालणार? हवा खेळेल."

"संरक्षित आहे ना. जशी होती तशीच करायची. मी कमान उघडी ठेवली तर माझी नोकरी जाईल." ती हसली. "तुम्हाला काय, भिंतीवर प्रेम जडलंय का?"

सिमो म्हणाला, "घरचं काम आहे."

तिला वाटलं, चेष्टा करतोय.

त्या रात्री क्रिसेल बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. ते डोकं नारळाच्या करवंटीएवढं हलकं झालं होतं, सिमो म्हणाला. ती म्हणाली, "तातांग, त्यांना अंधाराची भीती नाही वाटत."

"मग कशाची वाटते?"

"मोठं माणूस कुणी नव्हतं ना तिथे. सगळ्या लहानच. त्या म्हणतात, सोबत कुणी आलं तर जाऊ." मग म्हणाली, "मी जाऊ का? माझी ओळख झालीय आता."

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पंधरा डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी तो इथे बसला. मी उसाची दारू ओतली, ती त्याने प्यायली नाही. चुना कालवून तयार आहे म्हणाला. कंदील मागितला.

"रात्री कोण विटा रचतं रे?" मी म्हटलं.

"दिवसा त्या येत नाहीत, मनोंग."

मी कंदील दिला. वात कापून दिला. आणखी काय देणार होतो?

पुढचं मर्लिंडाने ऐकलं. ती आत पोरीला धरून बसली होती. सिमो जिना उतरला. खाली उभा राहिला. रोजच्या आवाजात म्हणाला,

"चला, सगळे चला. कुणी मागे राहू नका."

जिना वाजला. पायरी पायरी. बराच वेळ.

मर्लिंडाच्या मिठीत क्रिसेल उठायला लागली. आईने घट्ट धरली. पोरीत एवढं बळ कुठून आलं कळेना. आई फरफटत दारापर्यंत आली.

तेव्हा खालून तो म्हणाला,

"क्रिसेल, तू राहा."

पोरगी सैल पडली. झोपली. मर्लिंडा म्हणाली, चटईवर जागा होती. सगळी चटई रिकामी होती...

दुसऱ्या दिवसापासून नाताळच्या आधीच्या पहाटेच्या प्रार्थना सुरू होणार होत्या. चारच्या आत लोक कंदील घेऊन मोठ्या चर्चला निघाले. मी आडवाटेने चॅपेलाकडे गेलो. दार उघडं. माझा कंदील फरशीवर, विझलेला.

कमान बुजलेली.

जुन्या विटा. सरळ थर. घाईचं काम नव्हतं. भिंतीसमोर सिमोच्या रबरी चपला. माणूस घरात शिरताना काढतो तशा. पुढची टोकं भिंतीकडे.

मी हाक मारली नाही. नाव ओठांवर आलं होतं. गिळलं.

कान लावला. काही नव्हतं.

पोलीस आले तेव्हा ऊन वर आलं होतं. हवालदाराने चपला पाहिल्या, भिंत पाहिली. तो चांगला माणूस होता, दुसऱ्या गावचा. "कामाला परदेशी गेला असेल," म्हणाला. "जातात पुष्कळ. बायकोला सांगत नाहीत." मग तो हळू आवाजात मर्लिंडाला म्हणाला, "बाई, भिंत फोडायची तर राजधानीची परवानगी लागेल. संरक्षित आहे. पण तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता फोन लावतो. आत्ता. बघू काय होतं ते."

क्रिसेल आईला बिलगून उभी होती. हातात केळीच्या पानावरचा गोड भात. बोटं चाटत होती. गालावर रंग आला होता. मर्लिंडाने तिच्या कपाळाला हात लावला. अंग गरम होतं, पोरांचं असतं तसं.

मर्लिंडाने भिंतीकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली.

पोरीला घेऊन घरी गेली. दारातून निघताना तिने क्रिसेलचं नाव घेतलं. दुसरं कुणाचं घेतलं नाही.

आर्किटेक्ट बाई पुढच्या महिन्यात येऊन गेली. काम पाहून खूश झाली. फोटो काढले. पाटी पुसून घेतली.

"आपो," जोमार म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "त्याने आतून रचली भिंत?"

आतूनच रचली. चुना बाहेरच्या बाजूला ओघळला होता. आत उभ्या माणसाला बाहेरची बाजू साफ करता येत नाही. तो तसाच सोडतो. त्या पहाटे मी पाहिला तेव्हा तसाच होता. ओला, ओघळलेला.

मी पोलिसांना बोलवायला गेलो. चॅपेलाला कुलूप घालून गेलो. किल्ली माझ्या मुठीत होती.

परत आलो तेव्हा विटांमधल्या सगळ्या फटी भरून गुळगुळीत केलेल्या होत्या. थापीने नाही. बोटाने. बोट बारीक होतं. माझ्या करंगळीच्या निम्मं. खालच्या थरापासून कमानीच्या टोकापर्यंत. टोकाला माझाही हात पोचत नाही.

ते अजून तसंच आहे. उद्या जाल तेव्हा बघा. आणि निघताना एकेकाचं नाव घ्या. सगळे चला म्हणू नका. सिमोचं नाव तर घेऊच नका. तो तिथे कामावर आहे.

पणजोबाने ज्यांना मागे ठेवलं होतं, त्यांचं देणं सिमोने फेडलं.